खुर्चीत बसेल तो बोलेल

सलूनवाल्या मामांच्या दुकानात एकच कायदा चालायचा: जो खुर्चीत बसेल तो बोलेल, बाकड्यावरच्यांनी ऐकायचं. आणि कुणी फारच लांबण लावली, की मामा साबणाचा ब्रश सरळ त्याच्या ओठांवरून फिरवायचे. सभा बरखास्त!

तेव्हा गावभर एकच विषय. सरकार म्हणे नवा कायदा आणणार, जुनं दुखणं आहे म्हणून विमा कंपनीला कुणालाही नाकारता येणार नाही. "अहो, कंपन्या बुडतील!" विमा एजंट खुर्चीतून ओरडायचा. "बुडू देत की!" त्याच्यानंतर खुर्चीत बसले की म्हातारे मास्तर उत्तर द्यायचे. मामा दोघांनाही सारखाच फेस लावायचे.

कान मात्र टवकारलेले. कारण वरच्या खोलीत मामी होती. खुबा कामातून गेलेला, ऑपरेशनशिवाय इलाज नाही, आणि दुखणं जुनं म्हणून कंपनीने विमा नाकारलेला. एकेकाळी दुकान डोक्यावर घेणारी ही बाई दोन वर्षं जिना उतरली नव्हती. तिच्या हसण्यावाचून मामांना दुकान खायला उठायचं.

एका सकाळी एजंटाची अर्धी दाढी झाली होती, आणि रेडिओवर बातमी आली: कायदा पास! मामांनी वस्तरा खाली ठेवला आणि जन्मात केलं नव्हतं ते केलं. गिऱ्हाईक अर्धवट टाकून जिना चढले. "अगं, झालं! झालं बघ!" एवढंच म्हणून रडायलाच लागले वेडे. मागोमाग धापा टाकत एजंट, एका गालावर फेस. "मामी, मी विरोधात होतो, अजूनही आहे. पण तुमचा विमा मीच उतरवणार, सांगून ठेवतो!"

मामी हसून हसून बेजार. "आधी तो गाल आवरा, मग माझा खुबा!"

ऑपरेशन झालं. काही महिन्यांनी, ऐन गर्दीच्या वेळी, जिन्यावर काठी वाजली. सगळं बाकडं उठून उभं राहिलं. मामी एकेक पायरी उतरली, थेट खुर्चीत बसली आणि आरशातून सगळ्यांकडे बघत म्हणाली, "दोन वर्षं तुमची बडबड वरून ऐकतेय. आता मी बोलणार."

आणि जी सुरू झाली! एजंट, मास्तर, सरकार, कुणाला म्हणून सोडलं नाही. "मामा, अहो, ब्रश!" एजंट कळवळला.

मामांनी ब्रश धुऊन कपाटात ठेवला आणि स्वतः बाकड्यावर जाऊन बसले.