अनिशच्या आवडीची बिअर

सुशील कानिटकरने पुण्यात कधी बापासमोर बिअरचं नावसुद्धा काढलं नव्हतं. पण जपानात मुलगा विशीचा झाला की बाप त्याच्याबरोबर बसून पहिला ग्लास घेतो, असं ऑफिसातल्या मोरीसानने सांगितलं आणि ते सुशीलच्या डोक्यात पक्कं बसलं. अनिश सेंदाईला शिकत होता, नोव्हेंबरात वीस वर्षांचा होणार होता. पोराला पहिली बिअर विकतची पाजायची? छे! ती आपल्या हातची हवी.

घरी बिअर करायला इथे कायदा आडवा येतो. म्हणून त्याने ग्योतोकुच्या घरून गाडी पकडून एक छोटी ब्रुअरी गाठली. तिथे गिऱ्हाइकाला स्वतःची बिअर करू देत. मालक ओनोसान यांनी आधी विचारलं, घोट गेल्यावर तोंडात गोडवा उरायला हवा, की बिअर कोरडी संपायला हवी? सगळी मेख पाणी किती गरम यात असते. भरडलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, पासष्ट अंशांच्या आत मुरलं तर जवळजवळ सगळी साखर यीस्ट खाऊन टाकतं आणि बिअर कोरडी होते. सत्तर अंशांवर मुरवलं तर यीस्टला न पचणारी साखर मागे राहते.

"गोड," सुशील म्हणाला. त्याचा अनिश म्हणजे पोळीला साखर लावून खाणारा, श्रीखंडाचा डबा बोटांनी चाटूनपुसून साफ करणारा!

"हल्लीच्या मुलांना कोरडी आवडते," ओनोसान चाचरत म्हणाले. "गार पाणी घालून तापमान अजून उतरवता येईल. नंतर मात्र काही करता येणार नाही. एकदा विचारून घेता का?"

"मुलगा माझा आहे, ओनोसान!"

फोन खिशातच होता. पण बापाला का विचारावं लागतं? तासभर हा गृहस्थ थर्मामीटरला डोळे लावून उभा राहिला. इतकं लक्ष त्याने पोराच्या अभ्यासाकडेही कधी दिलं नसेल. तोयोसुच्या ऑफिसातून तो घरी पोचायचा तेव्हा अनिश झोपलेला असायचा.

वाढदिवसाला अनिश आला. सुशीलने बाटली उघडली, फेस सांभाळत दोन ग्लास भरले. अनिशने घोट घेतला, "ओइशी!" म्हणाला, म्हणजे चविष्ट. दुसरा घोट मात्र अगदी लहान घेतला.

"गोड आहे ना? मुद्दाम तशी ठेवली, तुझ्यासाठी."

अनिशने ग्लास खाली ठेवला. "बाबा, मी गोड खात नाही. शाळेत होतो तेव्हापासूनच नाही. पण तुम्ही केलीत ना, छान आहे. खरंच."

आणि त्याने हसतमुखाने ग्लास संपवला. ते हसू सुशीलच्या चांगल्या ओळखीचं होतं. क्लायंटने आग्रहाने पाजलेलं काहीबाही तो स्वतः असंच हसत पीत आला होता. पोरगा त्याचं मन राखत होता.

"मग तुला जेवायला काय करूया रे?" त्याने कसंबसं विचारलं.

"कारल्याच्या काचऱ्या," उत्तर त्याच्या बायकोने, नेत्राने दिलं, स्वयंपाकघरातून. "झाल्यासुद्धा. अनिश, कुरकुरीतच हव्यात ना?"

"हो, आई."

कारलं? सुशीलला त्याचा वासही खपत नसे. त्यामुळे या घरात कारलं येतच नाही, अशी त्याची समजूत होती.

"तुम्ही नसलात की आई करायची," अनिश सहज म्हणाला. "आम्ही दोघं खायचो."

सुशीलने आपला ग्लास तोंडाला लावला. बिअर त्याला हवी होती तशीच गोड झाली होती, आणि त्याला रडू आवरेना.