खाऱ्या पाण्यातले कूलर

आमच्या शेजारची प्रियदर्शनी सरकारी दवाखान्यात खरेदीचं काम बघते. जठारपेठेत तिचं घर आमच्या भिंतीला लागून आहे, त्यामुळे त्या उन्हाळ्यातली तिची तगमग मला ओट्यापाशी उभ्याउभ्या कळायची.

वॉर्डातले कूलर बंद पडले होते. खारपाण पट्ट्यातल्या पाण्यानं पंप एकाच उन्हाळ्यात खाऊन टाकले. ते विकले होते कूलरवाल्या भगवंतरावांनी. आता तेच पुन्हा तीन दुकानांच्या नावानं तीन कोटेशनं एकाच पिशवीतून घेऊन आले. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटत नव्हतं, इकडची रीतच ती. सही केली असती तर आठवड्यात कूलर लागले असते. प्रियदर्शनीनं केली नाही. खुली निविदा काढली आणि अट घातली, पंप खाऱ्या पाण्यात टिकला पाहिजे, बिघडला तर दुरुस्ती विकणाऱ्याकडे.

नेमके तेव्हाच तिचे सासरे किसनराव दम लागून त्याच वॉर्डात भरती झाले.

अकोल्याचा मे महिना. नर्सबाई खिडक्यांना ओल्या चादरी बांधायच्या, त्या बघता बघता वाळायच्या. निविदेला एकच जण आला, मुदत वाढवावी लागली. मॅडमच्या घरी नियमांचीच हवा येते म्हणे, असं ऑफिसात बोलू लागले. ती डबा घेऊन जायची आणि पुठ्ठ्यानं सासऱ्यांना वारा घालत राहायची.

एकदा किसनराव म्हणाले, "सूनबाई, तुयाच हातात हाय ना ते? मंग कावून अडवून राह्यली?"

"मामाजी, तेच पंप आले तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा हेच."

"पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मी राह्यलो त पायजे."

घरी येऊन तिनं मला विचारलं, करू का सही? मी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. सही तिनं केली नाहीच.

शेवटी निविदा उघडली. दर भगवंतरावांपेक्षा कमी निघाला, उरल्या पैशात बायकांच्या वॉर्डालाही कूलर झाले. पण ते लागले तोवर किसनरावांना घरी सोडलं होतं. प्रियदर्शनी बघायला गेली, तर त्यांच्या खाटेवर दुसरे एक आजोबा, चादर हनुवटीपर्यंत ओढून.

"बाई, हे जरा कमी करा. गारठून राह्यलो."

घरी आल्यावर तिनं हे किसनरावांना सांगितलं. ते घामेजल्या पाठीनं कुशीवर वळले.

"बरं झालं त्याचं," म्हणाले.

हे ते मनापासून म्हणाले की रागानं, ती मला अजून विचारते.