हजराबी आणि पुस्तकाचा पिच्चर

"सगळी गोष्ट सांगून टाकनारा मानूस आन् दुसऱ्याचं ताट चाटनारं कुत्रं, दोघायलेई मी दारात उभं करत नाई," असं हजराबी एकदा म्हणाली होती. म्हणाली ती गफ्फार सायकलवाल्याला. तो यवतमाळला सिनेमा पाहून आला होता आणि खून कुणी केला ते सांगायला तोंड उघडत होता. त्यानं तोंड मिटलं. पण गफ्फारसारखी माणसं तोंड मिटतात ती पुन्हा उघडण्यासाठीच.

आर्णीत घरोघर जाऊन बांगड्या भरणं हा हजराबीचा धंदा. पन्नाशी उलटलेली, हाडापेरानं मोठी, नजरेनं बारीक. दरवर्षी उरुसाच्या सुमारास कय्युमसेठचा सिनेमाचा तंबू अरुणावतीच्या काठच्या मैदानात उभा राही आणि होळीपर्यंत हलत नसे. तंबू पहिल्यांदा आला त्या सालापासून प्रत्येक पिच्चरच्या पहिल्या खेळाला बायकांच्या बाजूला, कनातीला लागून, हजराबीचं पोतं अंथरलेलं असे. तिकीट तिनं कधी काढलं नाही. कय्युमसेठ देवमाणूस होता असं मात्र कुणी समजू नये. टांग्यावरचा भोंगा पुरुषांना बोलावी, बायकांना हजराबी. बाईचा हात एकदा तिच्या हातात गेला की डझन भरेपर्यंत बाईला उठता येत नसे. तेवढ्यात हजराबी मध्यंतरापर्यंतची गोष्ट सांगे आणि शेवटची बांगडी चढवता चढवता थांबे. मग बाई नवऱ्याच्या मागे लागे.

सिनेमाचं तिला वेड होतं, आणि सिनेमा पाहणाऱ्यांचा तिला तिटकारा होता. वर्षानुवर्षं एकाच देवळात जाणाऱ्या माणसाला पुजाऱ्याचा जसा येतो तसा. गफ्फारच्या दुकानात टायरच्या ढिगावर बसून पोरंटोरं आणि बापेही पुढच्या पिच्चरचे अंदाज बांधत. तंबूत दोन आण्याला गाण्याची चोपडी मिळे. तीत अर्धी गोष्ट छापलेली असे आणि खाली ओळ, 'पुढे काय झाले ते पडद्यावर पहा'. या एका ओळीवर गफ्फारचं दुकान महिना महिना चाले. आंधळा भिकारी म्हणजेच नायिकेचा बाप. नाही, तो बापाचा चाकर. नाही, त्याला दिसतं. हजराबी दुकानावरून जाताना म्हणे, "गाय गाभन हाय का थेच मालूम नाई, आन् हे गोऱ्ह्याचं बारसं करून राह्यले."

नमुन्याची तर तिला चीडच होती. खेळाआधी कय्युमसेठ पुढच्या पिच्चरचे तुकडे दाखवी. गाण्याची दोन कडवी, एक थप्पड, आगगाडीखाली सापडणारा कुणीतरी. लोक आ वासून पाहत. ती त्या वेळी पडद्याकडे पाठ करून बसे. "पोरीचा एक दिवस कान दाखवाचा, एक दिवस टाच दाखवाची, मंग मांडवात आनाची तवा पाह्याले राह्यलं काय?"

आणि पुस्तकावरून काढलेला पिच्चर म्हणजे तिच्या लेखी सगळ्यात हलकी जात. "गादीतला कापूस काढून उशी भरतेत, आन् सांगतेत, गादीच हाय." तिला अक्षर येत नव्हतं. तरी तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

इथपर्यंत ती नुसती फटकळ बाई वाटेल. तशी ती होतीच. पण तिच्या फटकळपणाला एक मूळ होतं आणि ते आर्णीत सगळ्यांना ठाऊक होतं.

आपल्याकडे बांगड्या भरून झाल्या की भरून घेणारी बाई भरणारीला वाकून नमस्कार करते. त्यात जात-धर्म आडवा येत नाही. हजराबीलाही बाया वाकत. मग तिचा नवरा बशीर नागपूरच्या गिरणीत गेला, तिथं त्यानं दुसरी बाई ठेवली आणि सहा वर्षं एक चिठ्ठी टाकली नाही. सातव्या वर्षी एक माणूस निरोप घेऊन आला. बशीर शेवटच्या घटकेला आहे, तुझं तोंड पाहायचं म्हणतो, चल. हजराबी तेव्हा एका घरी ओसरीवर बांगड्या भरत होती. ती म्हणाली, "सात राह्यल्या." सात भरल्या, टोपली उचलली आणि पुढच्या घरी गेली. चौथ्या दिवशी बशीर मेला.

बशीरची बहीण शहनाज गावातच दिली होती. तिनं ही गोष्ट उंबऱ्या-उंबऱ्यावर पोचवली, त्या सात बांगड्यांसकट. गावात बांगड्या भरणारी दुसरी नव्हती, म्हणून धंदा बुडाला नाही. बाया हात पुढे करत, डझन भरून घेत. वाकत मात्र नसत. अठरा वर्षं हा असाच क्रम चालला होता. हजराबी म्हणे, मले काय त्याचं. पण बांगड्या भरून झाल्यावर ती टोपली लगेच उचलत नसे. फडक्याच्या घड्या करत क्षणभर बसून राही.

दोन वर्षांमागे शाळेच्या सदाशिवराव मास्तरांच्या घरी एक कादंबरी आली. त्यांची बायको रुक्माबाई दुपारी ती मोठ्यानं वाचत असे, आणि हजराबी कामाशिवायच तिथं बसू लागली. गोष्ट साधी होती. सुलभा नावाच्या बाईला नवरा टाकून देतो. ती नर्स होते. दहा वर्षांनी नवऱ्याची तार येते, मरणाच्या दारात आहे, ये. शेवटच्या पानावर सुलभा तार वाचते, घडी करते, खिशात ठेवते आणि तापानं फणफणलेल्या दुसऱ्याच कुणा रोग्याच्या कपाळावर पट्टी बदलायला जाते. संपलं.

रुक्माबाईनं पुस्तक मिटलं. हजराबी म्हणाली, "थे पान अजून वाचा."

तीनदा वाचून घेतलं.

"हे छापलं हाय?"

"छापलंय."

"पोथीवानी? सगळ्यायच्या घरी हेच असन?"

"हो गं. जिथं जिथं पुस्तक गेलं तिथं हेच."

"लिवनारा तं मले भेटला नाई कधी," हजराबी म्हणाली. "मंग त्याले कसं कयलं?"

त्या दिवशी बांगड्या भरायच्या नव्हत्याच. तरी रुक्माबाई उठली आणि तिला वाकून नमस्कार केला. इतक्या वर्षांतला तो पहिला. तो शेवटचा ठरू नये एवढीच आता हजराबीची धडपड होती, आणि धडपडीनं माणूस कसा हलका होतो ते पुढं दिसलं.

एकसष्ट सालच्या उरुसात बातमी आली की त्या कादंबरीचा पिच्चर निघाला आहे आणि कय्युमसेठ तो आणतो आहे. एरवी हजराबी कापसाचा आणि उशीचा टोमणा मारून मोकळी झाली असती. ती तंबूत गेली आणि कय्युमसेठला विचारलं, "शेवट कसा हाय?" अख्ख्या हयातीत तिनं कुणाला पिच्चरचा शेवट विचारला नव्हता.

"आपा, मी स्वतः पाहून आलो ना यवतमाळले. बिलकुल किताब का. जातच नाई थे. तार खिशात घालते आन् खतम."

झालं. हजराबी दुसऱ्या दिवसापासून घरोघर सगळी गोष्ट सांगत सुटली. मध्यंतरापर्यंत नव्हे, शेवटासकट. "तार येते. पन जात नाई थे. पाहानच तुमी. आन् पाहून मंग मले सांगा, वाईट बाई हाय का थे." ज्या माणसांना ती दारात उभं करत नसे त्यांचंच काम तिनं हाती घेतलं होतं. तिला ते कळत नव्हतं असं नाही. पण तंबूत सातशे माणूस बसतं. सातशे माणसांनी एकदम एका बाईला न जाताना पाहावं, आणि पाहून त्या बाईसाठी रडावं, एवढं तिला हवं होतं.

शहनाजनं नळावर सगळ्यांसमोर सुनावलं, "भाभी, परदे पे तो जाएगी. जाना पडेगा उसकू. तेरे जैसा पत्थर कौन दिखाएगा?"

"शनिवारी ये," हजराबी म्हणाली. "माह्या बाजूले बस."

शनिवारी, कारण मास्तर शनिवारी यवतमाळला जाणार होते आणि रुक्माबाईला त्याच दिवशी येता येणार होतं. पिच्चर गुरुवारी लागला. हजराबीचं पोतं पहिल्या खेळाला कनातीशी नव्हतं, असं त्या तंबूत प्रथमच घडलं. दोन दिवस तिनं कुणाला जवळ येऊ दिलं नाही. शेवट माहीत असूनही ती तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला तयार नव्हती. जुनी खोड.

शनिवारी दिवेलागणीनंतरच्या पहिल्या खेळाला तंबू भरला. जवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरून चंदाबाई नावाची बाई दोन बैलगाड्या भरून बाया घेऊन आली होती. हजराबीच्या उजव्या हाताला रुक्माबाई, डाव्या हाताला शहनाज. कय्युमसेठकडे मशीन एकच. दर रिळीनंतर दिवे लागत, शेंगांची टरफलं उडत, पोरं रडत, पुन्हा अंधार होई. प्रत्येक उजेडात हजराबी आजूबाजूच्या बायांचे चेहरे पाही. बाया सुलभेसाठी रडत होत्या. टाकलेली बाई म्हणून. चांगली खूण होती.

तार आली. पडद्यावर सुलभेनं ती वाचली. घडी केली. हात खिशाकडे गेला.

आणि पडद्यावरचं चित्र थरथरलं, उडालं, पांढऱ्या रेघा गेल्या, आवाज घरघरला, आणि एकदम सनई सुरू झाली. मोठ्या घरातला पलंग. पलंगावर मिशीवाला पुरुष. हिरव्या बांगड्यांनी मनगटापासून कोपरापर्यंत भरलेले दोन हात त्याच्या पायांना भिडले, वर पदरात अर्धं झाकलेलं तोंड. पुरुषानं उठून बसत हात उचलला. देवघरातली समई. समाप्त.

तंबू टाळ्यांनी फुटला.

हजराबीनं फक्त हात पाहिले होते. सुलभेच्या मनगटात तीन तास एक काळा दोरा सोडून काही नव्हतं. आणि हे हात दुसरे होते, आखूड बोटांचे, जाड मनगटाचे, अडीचाच्या बांगडीचं माप. हे हात तिनं या तंबूत याआधी पाहिले होते, तीन वर्षांमागं, कुठल्याशा जमीनदाराच्या सुनेच्या पिच्चरात. हेच पाय, हीच समई.

झालं होतं ते एवढंच. गुरुवारी कय्युमसेठनं खरा शेवट दाखवला होता. ज्यांच्या जमिनीवर तंबू उभा होता ते पुंडलिकराव खेळ संपल्यावर म्हणाले, "सेठ, आमच्या लेकीसुनायले हे काय शिकवून राह्यले?" फिरत्या तंबूवाल्याला वाद परवडत नाही. जुन्या पिच्चरांच्या गोड शेवटाच्या रिळी तो पेटीत जपून ठेवत असे, गावाला रडका शेवट चालला नाही की डकवायला. त्यानं शुक्रवारी एक डकवली. कुणी ओळखेल अशी त्याला भीती नव्हती. माणसं ओळखायचा त्याला अनुभव होता.

दिवे लागले. मधल्या कनातीच्या पलीकडून, पुरुषांच्या बाजूनं, गफ्फारचा आवाज आला, "मधात दहा वर्सं गेले ना बावा! वयानं तोंड बदलते मानसाचं."

"पन हे तं बुटकी दिसे."

"मंग थे जुळी बहीन असन! तार बहिनीले भेटली. म्हनूनच तं सुरुवातीले आरशात दोनदा दाखवली."

"गुरुवारी तं नाई दाखवली अशी."

"गुरुवारी रीळ तुटली होती. मी होतो ना. अर्धवटच संपला गुरुवारी. खरा शेवट आज पाह्यला."

आणि लोकांना ते पटलं. जे डोळ्यांनी खरं पाहिलं ते तुटकं, आणि जे डकवलेलं ते खरं. चंदाबाई तांड्यावरच्या बायांना समजावत होती, "नवरा बरा झाला, तवा बांगड्या भरल्या तिनं. इतकं कयत नाई तुमाले?" एकही बाई म्हणाली नाही की पाय धरणारी बाई दुसरीच होती. बाया पदरानं डोळे पुसत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर जेवण झाल्यासारखं समाधान होतं.

शहनाज पोतं झटकत उठली. "देखी भाभी? गई ना आखिर? औरत की जात है. जातीच है."

आजूबाजूच्या आठ-दहा बाया वळून पाहू लागल्या. हजराबीनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिनं रुक्माबाईचा हात धरला.

"मास्तरीनबाई, तुमी सांगा यायले. तुमी वाचलं हाय. काय होतं पुस्तकात?"

रुक्माबाईच्या नाकाचा शेंडा रडून लाल झाला होता. तिनं बायांकडे पाहिलं, मग पांढऱ्या पडद्याकडे.

"होतं गं तू सांगतेस तसंच," ती म्हणाली. "पण मला तर हेच बरं वाटलं. पुस्तकवाल्यानं उगीच निष्ठुर केली होती तिला. मरणारा माणूस बोलावतो, आणि बाई जात नाही... असं कुठं असतं का?"

मग आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. तिनं हजराबीच्या दंडाला हात लावला. "तसं नाही गं. मी पिच्चरचं म्हणत होते."

दुसऱ्या खेळाची घंटा वाजली. कय्युमसेठ कनातीजवळ येऊन ओरडला, "आपा, बसा, बसा, दुसरा खेळही पाहून घ्या. तुमच्यासाठी माफ."

हजराबीनं रुक्माबाईचा हात सोडला. बसलेल्या बायांच्या पायांवर पाय पडू नये म्हणून लुगडं किंचित वर धरत ती रांगेतून वाट काढत निघाली, आणि कनात बाजूला सारून तंबूबाहेर गेली.