शुक्रवारचा अहवाल, सोमवारचा शिक्का

महापालिकेच्या तळमजल्यावर आत शिरलं की उजव्या हाताला पहिली खिडकी. तिच्यामागे खिडकीकाका बसायचे. खरं नाव पगारपत्रकात असेल तेवढंच. सगळं शहर त्यांना खिडकीकाकाच म्हणायचं. काम एकच. आलेला कागद घ्यायचा, त्यावर तारखेचा शिक्का मारायचा, आवक वहीत चढवायचा आणि ज्या त्या विभागाच्या कप्प्यात टाकायचा. एकोणतीस वर्षं हेच. माणूस नाकासमोर चालणारा. कुणाचा फुकटचा चहा घेतला नाही की कुणाचा कागद हरवला नाही. बायको शेजारणींना छाती ठोकून सांगायची, "आमच्यांच्या तोंडून एक खोटं काढून दाखवा, महिनाभर तुमची भांडी घासीन."

पण एक खोड होती हो. खिडकी पाचला बंद व्हायची आणि काका चारलाच शिक्क्याची तारीख पुढे फिरवून ठेवायचे. का, तर शेवटच्या तासाचे कागद त्याच दिवशीच्या वहीत चढवत बसलं की सव्वापाचची बस चुकायची, आणि पुढची बस तासाभराने. त्यांच्या आधी त्या खुर्चीवर जो होता त्यानेच ही युक्ती शिकवलेली. तक्रार असो, बिल असो, जन्माचा दाखला असो, चारनंतर आला की तो उद्याचा. शुक्रवारी आला तर थेट सोमवारचा. सगळ्या इमारतीला हे ठाऊक होतं आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. एका दिवसाने कुणाचं काय बिघडतंय?

आता वरच्या मजल्यावरचं ऐका. तिथे महापौर आणि तपासनीस बाई यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. बाईंना नेमलेलं सभागृहाने. महापौरांचा त्यांच्यावर हुकूम चालत नसे. शहराचा पैसा कुठून येतो, कुठे जातो ते बघायचं आणि वर्षातून एकदा सभागृहापुढे अहवाल ठेवायचा, हे त्यांचं काम. त्या वर्षी त्यांना दिसलं, की जुन्या वस्तीत पाण्याचे पाइप टाकायला मंजूर झालेली रक्कम महापौरांनी परस्पर नगरभवनाच्या नव्या दर्शनी भागाकडे वळवली. काचा, कारंजं आणि मधोमध स्वतःच्या नावाची पाटी! बाईंनी विचारलं, तर महापौर भडकले. "निवडून मी आलोय. लोकांना जाब मी देतो. ही कोण मला विचारणार?" आणि त्यांनी सरळ ठरावच आणला: स्वतंत्र तपासणी कार्यालय बंद करून ते वित्त विभागात, म्हणजे त्यांच्याच हाताखाली आणावं. ज्याचा कारभार तपासायचा, त्याच्याकडेच रजा मागायची. वा रे वा!

सभागृहात सरळ दोन तट पडले. बाईंचा अहवाल सभेपुढे आला असता तर ठराव पडला असता, हे दोन्ही बाजूंना कळत होतं. नियम असा, की अहवाल सभेच्या दहा दिवस आधी आवक खिडकीवर दाखल व्हायला हवा. शेवटचा दिवस शुक्रवार.

त्या शुक्रवारी चार वाजून वीस मिनिटांनी बाई स्वतः खिडकीशी आल्या. दोन्ही हातांवर तीन जाड बाडं.

"अहो बाई, केवढा हा ग्रंथ! वाचणार कोण एवढं?" काका म्हणाले.

"न वाचताच मत देणारे पुष्कळ आहेत काका. तुम्ही आपला शिक्का मारा."

काकांनी धाडधाड तीन शिक्के मारले. बाई क्षणभर पानाकडे बघत राहिल्या, काही बोलतील असं वाटलं, पण "बराय, येते" म्हणून गेल्या. काकांना बस मिळाली. खिडकीजवळची जागासुद्धा मिळाली.

सोमवारी दुपारी महापौरांचा सचिव खाली उतरला. याला सगळे साखरतोंड्या म्हणत. तो दहा वर्षांत या मजल्यावर आलेला नव्हता.

"काका, बाईंचा अहवाल आजचा का हो? शिक्का सोमवारचा दिसतोय."

काकांनी आवक वही पुढे ओढली. "नाही हो, तो तर..." एवढं तोंडातून निघालं.

"बघा हं," साखरतोंड्या खिडकीवर कोपर टेकून हळू आवाजात म्हणाला, "हा शिक्का चुकीचा म्हणालात, तर मग एकोणतीस वर्षांचे सगळेच शिक्के तपासायला काढावे लागतील. चौकशी म्हणजे पेन्शन लटकलं. निवृत्तीला किती राहिले?"

"सात महिने."

"मग कशाला डोक्याला ताप? तुमचा शिक्का म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

काकांनी पुढचा कागद ओढला आणि त्यावर शिक्का मारला.

सभेच्या दिवशी महापौरांनी पहिलाच मुद्दा काढला: जे कार्यालय स्वतःची मुदत पाळत नाही, ते दुसऱ्यांवर काय देखरेख करणार? बाकं वाजली. बाई उठल्या. आवाज चढवला नाही. "अहवाल मी शुक्रवारीच दिलाय. खिडकीवरच्या काकांना बोलवा. ते सांगतील ते मला मान्य आहे."

काकांना वर बोलावलं. एवढ्या वर्षांत सभागृहाच्या गालिच्यावर त्यांचा पाय कधी पडला नव्हता. महापौरांनी पहिलं बाड पुढे धरलं. "शिक्का कोणत्या वाराचा?"

"सोमवारचा."

बाईंच्या बाजूचा एक वयस्कर सभासद ताडकन उठला. "शिक्क्याचं राहू द्या हो! कागद तुमच्या हातात कधी आला ते सांगा."

काकांनी बाईंकडे पाहिलं नाही. धीरच झाला नाही. त्यांनी गालिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा तेच म्हणाले, "शिक्का सोमवारचा आहे, साहेब."

अहवाल न उघडता परत गेला. ठराव दोन मतांनी पास झाला. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, की खिडकीवरच्या एका साध्या कारकुनाने कुणाची भीड न धरता खरं ते सांगितलं. बायकोने ते कात्रण कापून कपाटाच्या दाराला चिकटवलं. काका त्या रात्री जेवले नाहीत. पोट बिघडलंय म्हणाले. मग आठवडाभर पोट बिघडलेलंच राहिलं. कपाटातून शर्ट काढायचीसुद्धा त्यांना लाज वाटायला लागली, म्हणून ते दोरीवरचाच घालायला लागले.

शेवटी एका रविवारी ते बाईंच्या घरी गेले. बाई खोक्यांत पुस्तकं भरत होत्या. दुसऱ्या गावी नोकरी धरली होती. काकांना त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. काकांनी पेला नुसता हातात धरला.

"बाई, मी चुकलो. चारलाच तारीख फिरवतो मी. तुमचा अहवाल शुक्रवारचाच होता."

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. "शिक्का मारलात तेव्हाच दिसला. म्हटलं, आता काकांना कुठे टोकायचं, बसची घाई असेल. कुणी विचारलंच तर सांगतील की. दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेत होते, आणि तेवढी एक सोडून दिली."

"मग सभेत शिक्क्याचं का नाही बोललात? सगळ्यांना माहीत आहे माझी सवय, एक जण तरी..."

"मी बोलले असते तर ती माझी तक्रार झाली असती, आणि तुमची चौकशी. तुम्ही बोलला असतात तर निदान ती कबुली झाली असती. म्हणून तुमच्यावर सोडलं."

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "फार मोठं पाप झालं हो माझ्या हातून. तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडेना."

बाईंनी हातातलं पुस्तक खोक्यात ठेवलं. "मला सांगून काय उपयोग काका? मला तर माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

"सांगतो," काका म्हणाले. "उद्याच सांगतो."

सोमवारी त्यांनी खिडकी उघडली. डोक्यात वाक्यं जुळवून ठेवली होती. दुपारी जेवणाच्या सुट्टीत वर जायचं, त्या वयस्कर सभासदाला गाठायचं आणि सगळं ओकून टाकायचं. साडेअकराच्या सुमाराला जुन्या वस्तीतली एक शिवणकाम करणारी बाई खिडकीशी आली. हातात अर्ज. घाम पुसत म्हणाली, "काका, आमच्या पाइपचं काय झालं हो? मंजूर झाले म्हणाले होते. वर कुणी धड बोलत नाही. पेपरात तुमचंच वाचलं, म्हणून म्हटलं तुम्हालाच विचारावं. तुम्ही तरी खरं सांगाल."

काकांनी तोंड उघडलं. बाई वाट बघत उभी होती. मागे रांगेत आणखी चौघं होती.

"अर्ज द्या," काका म्हणाले, "वर पाठवतो."