ठकीला धरायचं कसं

रायगड जिल्ह्यात आमच्या भावोजींइतका भित्रा माणूस दुसरा नाही, हे मी पैज लावून सांगते. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मुक्काम रोहा. कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत ते अंगणात उभे राहतात. लिफ्टमध्ये पाय ठेवत नाहीत. कुंडलिकेच्या पुलावरून जाताना चष्मासुद्धा काढून खिशात ठेवतात, उगाच पाण्यात पडायला नको म्हणून. आणि अशा माणसाने पाळावं काय, तर पाल! हॉलमधल्या घड्याळामागे राहणारी, ठकी नावाची. संध्याकाळी हे भिंतीला तळहात लावून उभे राहिले की ती बया तुरुतुरु येऊन हातावर चढते. मी मात्र पालीला इतकी भिते, की पेणहून त्यांच्याकडे गेले की हॉलमध्ये छत्री उघडून बसते. हसा खुशाल.

ठकीचा शब्द भावोजींना प्रमाण. पाल चुकचुकली की आपण बोटाने टकटक करून 'कृष्ण कृष्ण' म्हणतो आणि विसरून जातो. भावोजी मात्र ठरलेले बेत मोडतात. हर्नियाचं ऑपरेशन तीनदा टाळलं. पहिल्यांदा निघताना ठकी चुकचुकली म्हणून. दुसऱ्यांदा ती चुकचुकलीच नाही, म्हणजे रुसली, म्हणून. तिसऱ्यांदा पनवेलच्या दवाखान्याला जाताना कासू स्टेशनात पाणी प्यायला उतरले, ते परतीच्या गाडीने थेट घरी. शेवटी डॉक्टर कडाडले, "आता आतडं अडकलं तर जिवाशी गाठ आहे." ताई रडून रडून अर्धी झाली.

चौथ्या खेपेला नवंच खुसपट निघालं. ते दवाखान्यात असताना हॉलला रंग द्यायचा होता. "रंगारी ठकीला झाडूनं मारतील गो," म्हणून तिला बरणीत घ्यायला भावोजी सकाळपासून भिंतीला हात लावून उभे. पण हात असा लटलटत होता, की ठकी घड्याळामागून नाक काढेना. अखेर ताईने त्यांना ओढत स्टेशनवर नेलं. घरी उरले मी, एक प्लास्टिकची बरणी आणि एक पुठ्ठा.

पाच मिनिटांत स्टेशनवरून फोन आला. "ती बरणीत दिसल्याबिगर मी गाडीत बसणार नाय!" मागून ताईचं मुसमुसणं ऐकू येत होतं. आज हे बसले नाहीत तर पुन्हा कधीच बसणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"वरनं झडप घालायची नाय," भावोजी शिकवू लागले, "घार आली वाटतं तिला. हात पुढ्यात धर, आपणहून चढंल. आणि काय बी झालं तरी शेपटाला हात लावायचा नाय."

देवाचं नाव घेऊन मी भिंतीला तळहात लावला. घड्याळाखालून ते चपटं तोंड बाहेर आलं, थांबलं, माझ्याकडे बघू लागलं. मग तो गार, चिकट पाय माझ्या बोटावर पडला. आई गं! मी किंचाळले आणि मूठ आवळली. ठकी धपकन खाली पडली. मुठीत मात्र तिचं शेपूट वळवळत होतं. ते फेकून मी रडत रडतच तिच्यावर बरणी उपडी घातली, खालून पुठ्ठा सरकवला आणि व्हिडिओ कॉल लावला. तुटलेलं शेपूट दिसू नये म्हणून बरणीपुढे मी तळहात आडवा धरला होता.

"अख्खी हाय ना?"

"अख्खी," मी म्हणाले.

त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरून नीट पाहिलं. मग म्हणाले, "बरं. झाकणाला भोकं पाड," आणि गाडीत बसले.

चौथ्या दिवशी भावोजी पोट धरून, हळूहळू पाय टाकत घरी आले. बरणी उघडली. बुटकी ठकी त्यांच्या हातावर चढली. मी शिव्या खायला तयार उभी होते.

"घाबरलीस ना गो?" त्यांनी मलाच विचारलं.

"हो."

"मला फोनातच दिसलं व्हतं. हात आडवा धरलास, तवाच समजलो."

"मग गाडीत बसलात कसे?"

"छत्री घेऊन बसणारी तू. तू हात लावलास. मंग मी कुठल्या तोंडानं घरी परतू?"

आता ठकीला नवं शेपूट आलंय, आखूड आणि बिनपट्ट्यांचं. कुकर लागला की भावोजी अजून अंगणातच असतात. मीही छत्री नेते. फक्त हल्ली ती दाराशीच मिटून ठेवते.