पट्टे वर चाललेत

बाबांचा टेम्पो माझ्या एम.ए.च्या प्रबंधाने बंद पाडला, असं आमच्या आळीत आजही सांगतात. सांगणाऱ्यांचं चुकतं असं नाही. पण सांगताना ते माझ्याकडे असे बघतात, जणू मी प्रबंधाची गुंडाळी करून टेम्पोच्या सायलेन्सरमध्ये कोंबली होती. म्हणून काय झालं ते एकदाच नीट लिहून टाकते, कारण प्रत्येक बारशात तेच तेच सांगून मला आता कंटाळा आलाय.

आम्ही शेलारला राहतो, भिवंडीच्या अगदी अंगाला लागून. बाबा छोटा टेम्पो चालवायचे. लूमवरून कापडाचे ताके उचलायचे आणि वडप्याच्या गोदामात नेऊन टाकायचे. आम्हा घरच्यांपेक्षा टेम्पोची आंघोळ जास्त वेळा व्हायची. एवढं करून त्याची उजवी बाजू कायम चेपलेली असायची, आणि बाबांचं त्यावर ठरलेलं उत्तर होतं, "लोकांना आजकाल गाडी चालवता येत न्हाय."

बाबांची मान हा आळीतला दुसरा विषय. कोणी उजवीकडून हाक मारली की नुसतं डोकं वळवणं त्यांना मान्य नव्हतं. खांद्यासकट अख्खे वळायचे, आमदार सभेत वळतो तसे. लोक म्हणायचे, टेम्पो घेतल्यापासून माज आलाय. काकांनी तर बोलणंच टाकलं होतं. काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ आणि आमच्या विहाराच्या समितीचे अध्यक्ष. एका लग्नात त्यांनी बाबांना हात जोडले आणि बाबा सरळ पुढे निघून गेले. "मी बघितलाच न्हाय त्याला," असं बाबा शपथेवर सांगायचे, पण काका दरवाजाएवढे रुंद आहेत, त्यामुळे कोणाचा विश्वास बसला नाही.

आता माझा प्रबंध. मी मानसशास्त्र शिकते म्हणजे वेड्यांचं काहीतरी शिकते, अशी आळीची समजूत होती, आणि मी नजरेचा विषय घेतल्यावर सगळ्यांना हायसं वाटलं. विषय सोपा आहे. पडद्यावरचे काळे-पांढरे पट्टे खाली सरकत असतात. ते मिनिटभर टक लावून बघायचे. मग पट्टे थांबतात, पण बघणाऱ्याला ते हळूहळू वर चढताना दिसतात. खाली जाणाऱ्या गोष्टींची दखल घेणारा मेंदूतला भाग बघून बघून दमतो आणि वर जाणाऱ्यांचा भाग ताजातवाना असतो, म्हणून थोडा वेळ त्याचंच चालतं. रंगाचंही तसंच. एका रंगाकडे बघत राहा, मग पांढऱ्या भिंतीकडे बघा, तिथे उलटा रंग उमटतो. पुस्तकात याला पश्चात प्रतिमा म्हणतात. आमच्याकडे हा शब्द उच्चारला की लोक शोकसभेला आल्यासारखे गंभीर होतात.

मला वेगवेगळ्या वयाची माणसं हवी होती आणि आळीत ती भरपूर होती. काकांनी विहाराचा हॉल दिला. रविवारी वंदना झाली की मी कोपऱ्यात लॅपटॉप मांडायची. लॅपटॉप जुना, बॅटरी मेलेली, वायर लावली तरच चालणारा. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. आधी कोणाला काही सांगायचं नाही. आणि प्रयोग संपला की समोरच्याला सगळं समजावून सांगायचं, गैरसमज घेऊन कोणाला घरी पाठवायचं नाही.

सुरुवात रंगाने केली आणि तीच नडली. मी निळा चौकोन दाखवला. काकांनी तो श्रद्धेने बघितला, भिंतीकडे नजर टाकली आणि ताडकन उठले.

"पिवळा दिसतोय!"

"बरोबर आहे काका, तसाच दिसतो."

"आपला निळा पिवळा कसा व्हईल? ह्यो कोनी शोधून काढला?"

समितीची बैठक बसली. मी डोळ्यातल्या पेशींबद्दल बोलत होते आणि ते विहाराच्या भिंतीबद्दल. शेवटी मी चौकोन नारिंगी केला. नारिंगीकडे बघून भिंतीकडे बघितलं की तिथे निळा उमटतो. काकांनी तो तीनदा बघितला, बायकोला बोलावून दाखवला, आणि त्यांचा शास्त्रावरचा विश्वास परत आला. मी मात्र रंग सोडून दिले आणि पट्ट्यांवर आले.

प्रत्येकाला मी सांगायची, "यात बरोबर-चूक काही नाही, जे दिसेल ते सांगा." याचा अर्थ आळीने असा लावला की पेपर भलताच अवघड आहे. आमच्या आळीतून एम.ए.पर्यंत गेलेली मी पहिली मुलगी. मला नापास होऊ द्यायचं नाही हे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. पहिले चार-पाच जण आत काय बोलले आणि माझा चेहरा कशाने खुलला, एवढं बाहेर कळायला वेळ लागला नाही. काका दाराशी खुर्ची टाकून बसले आणि आत येणाऱ्या प्रत्येकाच्या कानात पुटपुटू लागले, "वर बोलायचा. पट्टे वर चाललेत."

मला याचा पत्ताच नव्हता. मी आपली हरखून गेले होते, पुस्तकातल्यापेक्षा माझे निकाल चांगले येत होते. पलीकडच्या लूमवरचा एक भैया खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "मैडम, ऊपर. लिख लो, मेरी शिफ्ट है." तेव्हाही मला वाटलं, माणूस घाईत आहे. मग एकदा गंमत म्हणून मी पट्टे उलटे, वरच्या दिशेने सोडले. आता ते थांबल्यावर खाली जाताना दिसायला हवेत. समोर शेजारची आत्या होती. तिने बराच वेळ बघितलं, कपाळाला घाम आला.

"काय दिसतंय आत्या?"

"दिसतात खाली," ती रडवेली होऊन म्हणाली. "पन उत्तर वर हाय ना?"

ती गंमत सोडून बाकी सगळं मॅडमना पाठवलं तर त्यांचा फोन आला. "तुमच्याकडे एकही माणूस वेगळं बोलत नाही? शब्दसुद्धा तेच? अहो, ही निरीक्षणं नाहीत, हा एकमताने मंजूर झालेला ठराव आहे." एकेकाला घरी, एकटं बसवून प्रयोग घ्या, नाहीतर विषय बदला, असं त्यांनी सुनावलं. शिवाय एक डोळा झाकून करायला सांगितलं. डाव्या डोळ्याने सरकते पट्टे बघायचे, मग डावा झाकून उजव्याने थांबलेले बघायचे. ज्या डोळ्याने सरकणं बघितलंच नाही, त्यालाही पट्टे चढताना दिसतात का, एवढं तपासायचं. दिसले तर ही करामत नुसत्या डोळ्यातली नाही, दोन्ही डोळ्यांची वाट जिथे एक होते तिथली, डोक्यातली.

घरी एकटं बसवायचं तर पहिले बाबा. ते दुपारी जेवायला आले होते. डाव्या डोळ्याने त्यांनी पट्टे अगदी मन लावून बघितले. मग मी म्हटलं, "आता डावा झाका, उजवा उघडा." त्यांनी डाव्या डोळ्यावर तळवा घट्ट दाबला.

तेवढ्यात आई आतून आली. स्वयंपाकघरातला प्लग जळलेला असल्यामुळे मिक्सर बाहेरच्या खोलीत चालायचा. तिने न विचारता माझी वायर उपटली, मिक्सरची खोचली आणि खोबऱ्याचं वाटण सुरू केलं. लॅपटॉप मेला. पडदा काळा ठिक्कर. मी आईवर ओरडायला तोंड उघडलं, तर त्या घरघराटात बाबांचा आवाज आला.

"वर चाललेत."

मला हसू आलं. वाटलं, चेष्टा करतायत. पण ते काळ्या पडद्याकडे मान ताठ करून बघत होते, आणि वर त्यांनी भर घातली, "सावकाश चाललेत. पन वरच."

आई मिक्सर बंद करून बघत राहिली. मी उठून बाबांच्या उजव्या डोळ्यासमोर हात हलवला. पापणीसुद्धा लवली नाही. मी हात तसाच धरून उभी होते आणि ते मला विचारत होते, "काय गो बाय, चुकला काय?"

चेपलेली उजवी बाजू, ती आमदारी मान, लग्नातले काका, सगळं एकदम डोक्यात येऊन बसलं. उजव्या डोळ्याने बाबांना कित्येक वर्षं काहीच दिसत नव्हतं. ते त्यांना चांगलं माहीत होतं. आम्हाला नव्हतं. आणि मी नजरेवर प्रबंध लिहीत होते.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उजवा गेला तो गेला, तो काही परत यायचा नाही. डाव्याला रोज थेंब घालायचे, आणि गाडी आजपासून बंद. बाबांनी थेंबांची बाटली खिशात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो काढला.

"एक डोळा शाबूत हाय ना? इतकी वरसं वडप्याला कोन नेत व्हता गाडी, तुझा प्रबंध?"

मी भांडले, आई रडली. काकांना कळलं तेव्हा ते धावत आले. आधी बाबांच्या उजवीकडे उभे राहिले, मग काहीतरी आठवून लगबगीने फिरून डावीकडे आले आणि हात जोडले. "दादा, मी हाय." बाबांनीही हात जोडले. दोघं बराच वेळ बोलत बसले, आईने दोनदा चहा केला. पण टेम्पोचा विषय निघाला की बाबा म्हणायचे, "डावा डोळा लाख मोलाचा हाय माझा." आणि सकाळी टेम्पो निघायचाच. तो वळणाआड गेला की मला वाटायचं, आज काहीतरी होणार. बाबांना होणार किंवा बाबांमुळे दुसऱ्या कोणाला. त्या दिवसांत माझा फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावायची.

त्यांना एकच सल होता. त्यांचं उत्तर मी प्रबंधातून वगळलं होतं. आळीत सगळे पास आणि घरचा माणूस नापास, हे त्यांना झोंबलं. एका संध्याकाळी तेच म्हणाले, "माझा पेपर परत घे. डाव्यानं देतो. बघच तू हा डोळा कसा हाय."

मी वायर तपासली, आईला मिक्सरला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. पट्टे खाली सरकू लागले. बाबा अर्जुनासारखे बघत होते. मी पट्टे थांबवले.

"वर चा..." म्हणाले आणि अडकले.

त्यांनी मान मागे घेतली.

"बाय, बंद कर ते."

"थांबवलेत बाबा."

"न्हाय थांबले. चाललेत." त्यांनी पुढे वाकून एका पट्ट्यावर बोट ठेवलं, कापड धरून ठेवावं तसं. बोटाखालून तो चाललाच असणार, कारण त्यांनी बोट झटकन काढून घेतलं. एवढ्या लोकांनी मला ठरवून सांगितलेलं ते उत्तर खरं होतं, आणि ते आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या डोळ्याने बघणारा माणूस माझ्यासमोर घाबरून बसला होता. मी पुन्हा मिनिटभर पट्टे सोडले आणि थांबवले. पुन्हा तेच.

त्यांनी आईला हाक मारली. आई हात पुसत आली.

"हे पट्टे चाललेत का थांबलेत?"

आईने एक नजर टाकली. "थांबलेत की. तुम्हाला काय चालताना दिसतात?"

बाबा आईकडे, मग पडद्याकडे बघत राहिले. नंतर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "हिला थांबलेले दिसतात. हिला दोन डोळे हायत." आणि थोड्या वेळाने, "वडप्याला पुलाखाली मानसं उभी असतात गो. उभा मानूस मला चालताना दिसला तर?"

त्यांनी खिशातून टेम्पोची किल्ली काढली आणि लॅपटॉपवर, अक्षरांच्या बटणांवर ठेवली. पट्ट्यांखालच्या उत्तराच्या चौकटीत नुसते ळ उमटत गेले. ते बघायलाही ते थांबले नाहीत, ओटीवर जाऊन बसले.

नियमाप्रमाणे मी त्यांच्या मागे जायला हवं होतं. सांगायला हवं होतं की बाबा, हे सगळ्यांनाच दिसतं, दोन डोळ्यांच्या माणसालाही. आईने मिनिटभर बघितलं असतं तर तिलाही पट्टे चढताना दिसले असते. तुमचा डावा डोळा एकदम उत्तम आहे, त्याने अगदी बरोबर उत्तर दिलं. मी उठलेसुद्धा. ओटीवर बाबा पाठमोरे बसले होते आणि मान वर करून डाव्या डोळ्यात स्वतःच्या हाताने थेंब घालत होते.

मी किल्ली उचलून आईच्या हातात दिली आणि चहा टाकायला सांगितला. बाकीच्यांना मी घरोघरी एकेकटं बसवून पुन्हा तपासलं, प्रबंध मंजूर झाला, आळीने पेढे वाटले. बाबांना खरं काय ते मी अजून सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.