भाचीनं काढलेलं स्वयंपाकघर

माझी भाची अकरा वर्षं एका व्हिडिओ गेमसाठी घरं काढत होती. तलवारी परजणारे वीर काढायला दुसरे होते. हिच्या वाट्याला भिंती, खिडक्या आणि शेगड्या. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, गेली तेव्हा हिनं गेममधल्या एका घरात आईचं स्वयंपाकघर जसंच्या तसं काढलं.

आता कंपनीला असले मोठे गेम परवडत नाहीत म्हणे. नफा फोनवरच्या खेळांत, आणि तोही खेळणाऱ्यांना चित्रातल्या टोप्या विकण्यात! तेव्हा हिलाही टोप्या काढायला बसवलंय. जुना गेम कंपनीच्या सर्व्हरवरच चालायचा. तो शुक्रवारी दुपारी चारला कायमचा बंद होणार होता.

"फोटो काढून ठेव की!" मी म्हटलं.

"काढलेत गं मावशी. पण फोटोत आत जाता येत नाही."

म्हणून शुक्रवारी मी तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसले. ती स्वयंपाकघरात शिरली, तर चिलखत घातलेला कुणी परका खेळाडू माझ्या बहिणीच्या स्टुलावर ठाण मांडून बसलेला.

"उठव त्या मेल्याला!"

"बसू दे गं. आईनं कधी कुणाला उठवलं होतं?"

चार वाजले आणि पडदा करडा झाला.

"मावशी, आईच्या पिठाच्या डब्याचं झाकण खरंच निळं होतं, की मीच तसं काढलं?"

मला काही केल्या आठवेना.